पुंगळी, टोपी आणि स्वावलंबनाची दंतकथा

१

मराठी वाचकाला 'काडतूस' हा शब्द प्रथम भेटतो तो बहुधा १८५७ च्या संदर्भात. शालेय इतिहासातील चरबीयुक्त काडतुसांचा परिच्छेद आपणां सर्वांच्या स्मरणात असतो. पुढे विष्णुभट गोडसे वरसईकर यांचे 'माझा प्रवास' (प्रकाशन १९०७) अभ्यासक्रमात येते आणि तेथेही बंडाच्या कारणांत काडतुसांची हकिकत आहेच. मात्र हे काडतूस म्हणजे कागदाची एक पुरचुंडी होती, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेल्या या शब्दाच्या मुळाशीही कागदच आहे. शिपायाने ती पुरचुंडी दाताने फाडायची, आतली दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची आणि मग बंदुकीच्या मागील बोंडीवर एक छोटी तांब्याची टोपी बसवायची. घोडा त्या टोपीवर आपटला की ठिणगी आत जाई. म्हणजे दारू आणि गोळी कागदात एकत्र, पण आग वेगळी, अशी ती व्यवस्था होती. कोकणात आजही 'ठासणीची बंदूक' हा शब्द जिवंत आहे. त्या बंदुकीची रीत जवळजवळ हीच.

१८५७ नंतरच्या दोनच दशकांत या कागदाचे पितळ झाले. दारू, गोळी आणि आग ही तिन्ही एका धातूच्या पुंगळीत बंद झाली. युद्धशास्त्राच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व सर्वमान्य आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्याहून अरुंद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत एक विशिष्ट जोडी रूढ झाली: रिव्हॉल्व्हरमध्ये चालणारेच काडतूस वापरणारी, तरफेने भरली जाणारी रायफल. कमरेला रिव्हॉल्व्हर, घोड्याच्या खोगिराला रायफल, आणि दोन्हींसाठी पट्ट्यात एकच काडतूस. शिवाय उडवून झालेली पुंगळी उचलून, रात्री शेकोटीपाशी बसून ती पुन्हा हाताने भरायची. कोणावर अवलंबून नसलेल्या एकट्या माणसाचे हे चित्र अमेरिकी कल्पनाविश्वात इतके खोल रुजले आहे की आजही तेथे अशी रायफल विकत घेणारा माणूस काही अंशी ते चित्रच विकत घेत असतो.

हे चित्र कितपत खरे आहे? आणि पुंगळी पुन्हा हाताने भरण्याची गरज नेमकी कोणाला सर्वाधिक होती? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि दुसऱ्याचे उत्तर चित्रात दिसते त्यापेक्षा फार वेगळे आहे, असे मला वाटते.

२

तरफेची रायफल आणि रिव्हॉल्व्हर ही भावंडे आहेत, आणि हे केवळ अलंकारिक विधान नव्हे. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन या दोघांनी १८५० च्या दशकाच्या मध्यास कनेक्टिकट राज्यात तरफेने भरले जाणारे एक पिस्तूल बनवले. धंदा फारसा चालला नाही. त्यात पैसा गुंतवणाऱ्यांमध्ये ऑलिव्हर विंचेस्टर हा न्यू हेवनचा शर्ट बनवणारा कारखानदार होता. स्मिथ आणि वेसन बाहेर पडून रिव्हॉल्व्हरकडे वळले, आणि उरलेला डबघाईला आलेला उद्योग विंचेस्टरच्या हाती आला. त्याच्या कारखान्याचा प्रमुख बेंजामिन टायलर हेन्री याने १८६० मध्ये जे पेटंट घेतले, त्यातून 'हेन्री रायफल' जन्मली. नळीच्या खाली आणखी एक नळी, तिच्यात एकामागे एक ठेवलेली काडतुसे. चापाभोवतीचे कडे खाली ओढले की रिकामी पुंगळी बाहेर, वर घेतले की नवे काडतूस आत. वाटणी झालेल्या एका घराची एक शाखा रिव्हॉल्व्हरची झाली, दुसरी रायफलीची.

हेन्री रायफल आणि तिची १८६६ ची सुधारलेली आवृत्ती यांच्या काडतुसात एक मर्यादा होती. ठिणगी देणारे रसायन पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेले असे. घोड्याचा आघात कडेवर होई, कड चेपे, आणि मग ती पुंगळी कायमची निकामी. १८७३ च्या विंचेस्टरमध्ये ही मर्यादा गेली. तिचे '४४-४०' हे काडतूस मध्यभागी पेटणारे होते. पुंगळीच्या बुडाच्या मधोमध एक छोटी खोबण, तिच्यात बसवलेली छोटी टोपी. तिलाच आज 'प्रायमर' म्हणतात. टोपी पेटली तरी पुंगळी शाबूत राही. जुनी टोपी टोचून बाहेर काढायची, नवी बसवायची, दारू व गोळी भरायची, की काडतूस पुन्हा तयार. '४४-४०' या नावातील पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, इंचाच्या शंभराव्या भागांत. दुसरा काळ्या दारूच्या वजनाचा, ग्रेनमध्ये. गोळी २०० ग्रेन शिशाची, पुढून चपटी. हा चपटेपणा शोभेसाठी नव्हता. नळीसारख्या मॅगझिनमध्ये प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकलेले असते. टोक अणकुचीदार असते तर एखाद्या धक्क्याने मॅगझिनमध्येच स्फोट होण्याचा धोका होता.

त्याच १८७३ साली कोल्ट कंपनीचे प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर बाजारात आले. पण त्याचे काडतूस वेगळे, '४५' चे. चित्रपटांत ज्या दोन शस्त्रांची जोडी आपण पाहतो, ती पहिली पाच वर्षे एक काडतूस वापरीतच नव्हती. १८७८ मध्ये कोल्टने आपले रिव्हॉल्व्हर '४४-४०' मध्येही देण्यास आरंभ केला आणि त्यावर 'फ्रंटियर सिक्स शूटर' अशी अक्षरे कोरली. एकच काडतूस दोन्हींत, ही सोय प्रत्यक्षात आली ती तेव्हा. उलट दिशेने मात्र सोय झाली नाही. त्या काळच्या '४५' कोल्टच्या पुंगळीची कड फारच अरुंद होती. रायफलीच्या आकड्याला ती नीट पकडता येईना, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात त्या काडतुसाची तरफेची रायफल कोणत्याही मोठ्या कारखान्याने काढली नाही. आज इटलीत बनणाऱ्या प्रतिकृती '४५' मध्ये मिळतात आणि हौशी लोक त्या 'अस्सल जुन्या जोडी'चा भाग म्हणून घेतात, हा इतिहासाचा एक लहानसा विनोद आहे.

३

आता दंतकथेकडे वळू. विंचेस्टर कंपनीच्या १८७५ च्या सूचिपत्रकात 'बफेलो बिल' कोडी याचे प्रशंसापत्र छापलेले होते. म्हणजे रायफल बाजारात येऊन दोन वर्षे झाली नाहीत तोच तिच्याभोवती साहित्य निर्माण होऊ लागले होते. 'पश्चिम जिंकणारी बंदूक' ही उक्ती मात्र त्या काळाची नव्हे. ती कंपनीच्या जाहिरात विभागातून १९१९ च्या सुमारास आली. तेव्हा 'पश्चिम' जिंकून संपली होती, आणि पहिल्या महायुद्धाच्या मागणीसाठी वाढवलेल्या कारखान्यांना गिऱ्हाईक हवे होते. १९५० मध्ये अँथनी मान यांचा 'विंचेस्टर '७३' हा चित्रपट आला आणि रायफल स्वतःच नायिका झाली. पामेला हाग यांनी २०१६ मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की या कारखानदारांनी बंदुकीकडे प्रथमपासून एक विक्रेय वस्तू म्हणून पाहिले, आणि मागणी ही आपोआप असलेली गोष्ट नसून घडवावी लागणारी गोष्ट होती. आकडेही याला दुजोरा देतात. १८७० च्या सुमारास विंचेस्टरला तगवले ते तुर्कस्तानच्या सुलतानाच्या पन्नास हजार शस्त्रांच्या मागणीने. खोगिरावरच्या एकट्या गुराख्याने नव्हे.

स्वावलंबनाची कल्पनाही अशाच मालाबरोबर विकली गेली. विंचेस्टरने १८७० च्या दशकातच पुंगळ्या भरण्याची हातातली साधने विकायला काढली. न्यू हेवनमध्येच जॉन बार्लो याने १८८४ मध्ये 'आयडियल' या नावाने असाच उद्योग सुरू केला. त्याचे साधन अडकित्त्यासारखे. दोन दांड्या, त्यांच्या टोकाला टोपी काढण्याची, बसवण्याची, गोळी दाबण्याची व्यवस्था. काहींत तर गोळी ओतण्याचा साचाही त्यातच. रायफल घेणाऱ्या माणसाला गावापासून चार दिवसांच्या अंतरावर दुकान नसताना हे साधन खरोखर उपयोगी होते, यात शंका नाही. शिसे वितळवायला चूल पुरे. पुंगळी आपलीच. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा, तत्त्वतः ती घरीही करता येते.

पण टोपी? टोपीतले रसायन पाऱ्यापासून बनलेले. ते बनवणे, तोलणे आणि त्या इवल्याशा तांब्याच्या वाटीत भरणे हे चुलीपाशी बसून होण्यासारखे काम नव्हते. पुंगळी दहादा भरता येई, पण दर वेळी एक नवी टोपी लागे, आणि ती कारखान्यातूनच यावी लागे. 'कोणावर अवलंबून नसलेला' माणूस न्यू हेवनवर अवलंबून होता. फक्त त्याचे अवलंबित्व आकाराने हरभऱ्याएवढे झाले होते, म्हणून ते दिसत नव्हते.

४

येथे या कथेतील दुसरा माणूस येतो, ज्याला जाहिरातीत स्थान मिळाले नाही.

२५ जून १८७६ रोजी माँटानातील लिटल बिगहॉर्न नदीकाठी लकोटा आणि शायेन योद्ध्यांनी जनरल कस्टरच्या तुकडीचा नाश केला. कस्टरच्या घोडेस्वारांजवळ एकेक काडतूस भरावे लागणारी स्प्रिंगफील्ड कार्बाइन आणि कोल्ट रिव्हॉल्व्हर अशी दोन शस्त्रे होती. दोन्हींची काडतुसे '४५' म्हणवली जात, पण एकाचे दुसऱ्यात चालत नसे. ऑगस्ट १९८३ मध्ये वणव्याने त्या माळावरचे गवत जळून गेले, आणि पुढील दोन वर्षांत डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी तेथे पुरातत्त्वीय शोध घेतला. जमिनीतून पुंगळ्या निघाल्या. प्रत्येक बंदुकीच्या घोड्याच्या टोकाचा ठसा वेगळा असतो. पोलिस तपासात वापरली जाणारी ही रीत त्यांनी रणभूमीला लावली. एकेक बंदूक माळावर कोठून कोठे सरकत गेली, हे त्यामुळे नकाशावर काढता आले. योद्ध्यांकडे चाळीसहून अधिक प्रकारची शस्त्रे होती असे दिसले, आणि त्यांत हेन्री व विंचेस्टर रायफली ठळक होत्या. ज्या लढाईविषयी शंभर वर्षे चित्रे, काव्ये आणि वादग्रंथ लिहिले गेले, तिची साक्ष जमिनीतल्या पितळाने दिली. लकोटा-शायेनांच्या तोंडी कथनांकडे दुर्लक्ष करण्याची जी सवय इतिहासकारांना जडली होती, तीही त्यामुळे मोडू लागली.

त्या लढाईनंतर सहा आठवड्यांच्या आत, ऑगस्ट १८७६ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने एक संयुक्त ठराव केला. शत्रू मानलेल्या आदिवासींच्या हाती धातूची काडतुसे पडू नयेत यासाठी आवश्यक ते उपाय योजण्याचे अधिकार राष्ट्राध्यक्षांना देण्यात आले. ठरावाचा रोख लक्षणीय आहे. बंदूक एकदा हाती आली की ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. तिचा पुरवठा तोडून फारसे साधत नाही. काडतूस मात्र उडवले की संपते. म्हणून काडतूस अडवायचे.

आणि नेमके येथेच हाताने पुंगळी भरण्याची कला खऱ्या अर्थाने गरज बनते. अमेरिकी सैन्यातील कर्नल रिचर्ड डॉज यांनी मैदानी प्रदेशातील आपल्या दीर्घ वास्तव्याच्या आठवणींत याचे वर्णन केले आहे. आदिवासी लोक उडवलेल्या पुंगळीतली जुनी टोपी काढून टाकीत आणि तिच्या जागी ठासणीच्या बंदुकीची सर्वांत लहान टोपी दाबून बसवीत. ठासणीच्या जुन्या बंदुका अजून सर्वत्र वापरात असल्याने त्या टोप्या व्यापाऱ्याकडे सहज मिळत. दारू आणि शिसे मिळाले नाही तर निराळ्या मापाची काडतुसे फोडून त्यातले घेत. अशी पुंगळी कित्येकदा भरली जाई आणि नव्या काडतुसाच्या जवळपास काम देई, असे डॉज नोंदवतात. ते काही आदिवासींचे स्नेही नव्हते. प्रतिपक्षाच्या सेनाधिकाऱ्याची ही साक्ष आहे.

या कृतीकडे जरा थांबून पाहावे. नव्या तंत्रज्ञानातील जी एक वस्तू हाताने करता येत नव्हती, तिच्या जागी त्यांनी जुन्या तंत्रज्ञानातील एक वस्तू बसवली. १८५७ च्या शिपायाने कागदी काडतुसाबरोबर जी वापरली तिच्याच जातीची टोपी १८७३ च्या पितळी पुंगळीत गेली. कायद्याने पितळ अडवले होते, ठासणीच्या बंदुकीच्या टोप्यांकडे मात्र त्याची नजर नव्हती. स्वावलंबन हा शब्द कोठे लावायचाच असेल तर तो येथे लावावा लागेल. विंचेस्टरचे साधन विकत घेऊन, विंचेस्टरच्याच टोप्यांनी पुंगळ्या भरणाऱ्या माणसाला सोय होती. ज्याला दुकानाचे दारच बंद होते, त्याला युक्ती शोधावी लागली. दंतकथेने मात्र पहिल्याला नायक केले, आणि दुसऱ्याला त्याच रायफलीचे लक्ष्य.

५

भारतातील वाचकाला येथे एक साल खटकल्यावाचून राहणार नाही. १८७८ मध्ये, म्हणजे कोल्टने 'एकच काडतूस दोन्हींत' अशी सोय केली त्याच वर्षी, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत हिंदुस्थानात शस्त्रांचा कायदा झाला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. युरोपियनांना त्यातून सूट होती. राष्ट्रीय सभेच्या आरंभीच्या अधिवेशनांतच या कायद्याविरुद्ध ठराव झाले. ही तक्रार केवळ बंदुकीची नव्हती, अविश्वासाची आणि वंशभेदाची होती. दोन्ही घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही, आणि तो जोडण्याचा माझा हेतूही नाही. साम्य इतकेच की एका प्रजाजनासाठी काडतूस ही सूचिपत्रकातून मागवायची वस्तू होती आणि दुसऱ्यासाठी ती सरकारच्या मेहेरबानीची बाब होती. 'शस्त्र' या शब्दाचा अर्थ अमेरिकी कादंबरीत एक आणि आपल्या वाङ्मयात दुसरा का होतो, याचे एक उत्तर या सालात आहे. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातही परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हाच आहे. त्यामुळे हाताने काडतूस भरणे हा अमेरिकेत लाखोंचा छंद असला, तरी आपल्याकडे तो शब्दही रूढ नाही.

६

पुन्हा मूळ विषयाकडे. विसाव्या शतकाच्या आरंभी 'एकच काडतूस' या कल्पनेला पहिला तडा गेला तो कारखान्यातूनच. धूररहित दारू आली होती. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेली १८९२ ची विंचेस्टर रायफल १८७३ च्या रायफलीपेक्षा कितीतरी मजबूत होती. तिच्यासाठी कंपनीने '४४-४०' चे अधिक वेगवान काडतूस काढले. पुंगळी तीच, नाव तेच, दाब मात्र अधिक. ते जुन्या रायफलीत किंवा रिव्हॉल्व्हरमध्ये वापरू नये, अशी सूचना खोक्यावर छापावी लागली. ज्या काडतुसाचे सारे आकर्षण दोन्ही शस्त्रांत चालण्यात होते, तेच आता एकात चाले आणि दुसऱ्यात धोका ठरे. नाव टिकले होते, अर्थ फुटला होता. शब्दार्थाच्या अभ्यासकाला हा प्रकार अपरिचित नसावा. फरक इतकाच की येथे चुकीच्या अर्थाची किंमत हाताच्या बोटांनी द्यावी लागे.

दुसरी घटना याच्या उलट दिशेची. आयडाहोचा एल्मर कीथ (१८९९–१९८४) हा गुरे राखणारा, शिकारी आणि पुढे लेखक झालेला माणूस. १९२५ मध्ये अतिरिक्त भरलेल्या काडतुसाने त्याचे '४५' चे जुने रिव्हॉल्व्हर हातातच फुटले. त्यानंतर तो जाड पोलादाला वाव देणाऱ्या '४४ स्पेशल' कडे वळला, आणि तीस वर्षे स्वतः गोळ्या ओतून, पुंगळ्या भरून, अनुभव मासिकांतून लिहून कारखानदारांच्या मागे लागला. १९५५ च्या अखेरीस स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी '४४ मॅग्नम' काढले ते त्याच्या या पाठपुराव्यातून. '३५७ मॅग्नम' (१९३५) च्या मागेही फिलिप शार्प यांच्यासारख्या हाताने काडतुसे भरणाऱ्यांचे प्रयोग होते. पुंगळी भरणारा येथे कारखान्याचे केवळ अनुकरण करीत नव्हता. त्याने कारखान्याला पुढे ओढले. मार्लिन कंपनीने १९६९ मध्ये आपली १८९४ ची जुनी रायफल '४४ मॅग्नम'साठी पुनरुज्जीवित केली, आणि जुन्या जोडीचा दुसरा जन्म झाला.

आजच्या जोडीचे व्यावहारिक गणित जुन्यापेक्षा चांगले आहे. '३५७' च्या रायफलीत '३८ स्पेशल' ही स्वस्त काडतुसेही चालतात. रायफलीची नळी रिव्हॉल्व्हरच्या तीन-चार पट लांब, त्यामुळे सावकाश जळणाऱ्या दारूला काम करायला अधिक वेळ मिळतो. रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला सुमारे बाराशे-तेराशे फूट वेगाने जाणारी '३५७' ची गोळी रायफलीतून सतराशेच्या पुढे जाऊ शकते. पुंगळी सरळ नळकांड्यासारखी असल्याने तिला मूळ मापात आणणे सोपे. '४४-४०' ची पुंगळी मानेशी निमुळती आणि कागदासारखी पातळ, तिची मान जरा धसमुसळेपणाने दाबली जाते. कोणत्याही पुंगळीत गोळी बसवल्यावर तोंडाची कड आत वळवून ती घट्ट आवळावी लागते, नाहीतर मॅगझिनची स्प्रिंग गोळीला मागे, पुंगळीत ढकलते आणि दाब वाढतो. काडतुसाची एकूण लांबीही नेमकी लागते. १८७३ च्या रचनेत आखूड काडतुसामागून पुढचे काडतूस डोकावते आणि सारी यंत्रणा अडते. जुनी रायफल घेणारा जाणता माणूस म्हणून आधी मऊ शिशाची गोळी नळीतून ढकलून आतले माप घेतो, मग साचा निवडतो. या छंदात घाईला जागा नाही. प्रत्येक पुंगळीतली भुकटी डोळ्याने पाहून, ताजव्यात तोलून, छापील मार्गदर्शिकेतील मर्यादेत राहूनच काम करावे लागते. एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली तर रायफल उरत नाही, आणि कदाचित माणूसही. हस्तलिखिताच्या नक्कलकाराला जी सावधानता लागे तिच्याशी हिचे साम्य आहे. चूक डोळ्यांसमोर होते, पण ती लक्षात येते फार उशिरा.

७

ही रायफल आज येते कोठून? मूळ विंचेस्टरचा न्यू हेवनमधील कारखाना २००६ मध्ये बंद झाला. विंचेस्टरचे नाव धारण करणाऱ्या १८७३ आणि १८९२ च्या रायफली जपानमधील मिरोकू कंपनी बनवते. उबेर्ती इटलीत, रॉसी ब्राझीलमध्ये. मार्लिन २००७–०८ मध्ये रेमिंग्टनकडे गेली, तिचा कनेक्टिकटमधील कारखाना २०११ मध्ये बंद पडला, २०२० मध्ये रेमिंग्टनच्या दिवाळखोरीत रूगर कंपनीने मार्लिन विकत घेतली, आणि १८९४ ची रायफल २०२३ मध्ये पुन्हा बाजारात आली. नळीवर जुन्या मार्लिनची 'जेएम' ही अक्षरे असलेल्या रायफलींना जुन्या बाजारात अधिक भाव आहे, तो या साऱ्या पडझडीमुळे. 'पश्चिम जिंकणारी बंदूक' पूर्वेला, कोची प्रांतात बनते, याची खंत अमेरिकी हौशी लोकांना वाटते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला वाटण्याचे कारण नाही. ती तुर्कांच्या पैशावर उभी राहिली होती, हे त्याला ठाऊक आहे.

आणि टोपी? २०२० ते २०२२ या काळात, महासाथ, घबराटीची खरेदी आणि कारखान्यांची दिवाळखोरी यांच्यामुळे अमेरिकेत प्रायमर मिळेनासे झाले. शेकडो पुंगळ्या, डबे भरून दारू, शिशाच्या लाद्या जमवून बसलेली माणसे तळहातावरच्या एका टिकलीसाठी खोळंबली. प्रायमर, पुंगळ्या आणि काडतुसे बनवणारे अमेरिकेतील काही मोठे उद्योग २०२४ मध्ये एका झेक समूहाने विकत घेतले. दीडशे वर्षांत गोळी बदलली, दारू बदलली, पोलाद बदलले. मात्र चुलीपाशी बसून काय करता येते आणि काय येत नाही, यांमधली रेषा होती तेथेच आहे. धूररहित दारूमुळे उलट ती रेषा आणखी अलीकडे सरकली. आता दारूही घरी होत नाही.

हाताने काडतूस भरणे निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. आपल्या हाताने केलेल्या वस्तूचा आनंद, मापाची शिस्त, काटकसर, हे सारे खरे आहे, आणि कीथसारख्या माणसाने त्यातून नवे काही निर्माणही केले. आक्षेप आहे तो त्यावर चढवलेल्या कथेला. त्या कथेत एकटा माणूस स्वतःला पुरेसा असतो. वस्तुस्थितीत तो कधीच तसा नव्हता. त्याच्यामागे न्यू हेवन होते, रेल्वे होती, टपाल होते, आणि त्याच्या बाजूने झुकलेला कायदा होता. ज्यांच्यामागे यांपैकी काहीही नव्हते त्यांनी ठासणीच्या बंदुकीची टोपी पितळी पुंगळीत बसवली. त्यांच्याविषयी सूचिपत्रकांत काही छापलेले नाही. एका प्रतिपक्षीय कर्नलाच्या आठवणींतील काही ओळी तेवढ्या उरल्या आहेत.

साहित्याच्या वर्गात 'वेस्टर्न' हा प्रकार शिकवताना आपण नायक, खलनायक, विस्तीर्ण माळरान आणि अखेरची झटापट यांविषयी बोलतो. झटापट संपल्यावर जमिनीवर पडलेल्या पुंगळ्या कोण उचलतो, हेही विद्यार्थ्यांना एकदा विचारायला हरकत नाही.